गर्भ रुजतो तेव्हा अस्तर काय करत असते?

शुक्राणू आणि स्त्रीबीज एकत्र आले की गर्भधारणा झाली, असे आपण शाळेत शिकतो. प्रत्यक्षात त्यानंतरचे सहा-सात दिवस तो गर्भ आईच्या शरीराला कुठेही जोडलेला नसतो. बीजनलिकेच्या रुंद टोकाशी फलन होते आणि मग एकाच्या दोन, दोनाच्या चार अशा पेशी होत होत तो नळीतून हळूहळू गर्भाशयाकडे सरकतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तो गर्भाशयात पोहोचतो. पाचव्या दिवसापर्यंत त्याचा शंभर-दोनशे पेशींचा पोकळ गोळा झालेला असतो. आयव्हीएफ म्हणजे शरीराबाहेर गर्भ तयार करून गर्भाशयात सोडण्याचा उपचार करून घेणाऱ्या जोडप्यांना 'ब्लास्टोसिस्ट' हा शब्द पाठ असतो, तो हाच. त्याचा आकार मिलिमीटरच्या पाचव्या भागाएवढा. बाहेरच्या थरातून पुढे वार तयार होणार, आतल्या छोट्या पुंजक्यातून बाळ.

आतापर्यंत त्याच्याभोवती एक पारदर्शक कवच असते. वाटेत नळीलाच चिकटून बसू नये, हे त्या कवचाचे एक काम. सहाव्या दिवसाच्या सुमारास ते फाटते, गर्भ बाहेर येतो आणि गर्भाशयाच्या आतल्या अस्तराला टेकतो. या क्षणापासून पुढे काय होते, याबद्दल आपल्या मनातले चित्र बहुतेक वेळा चुकीचे असते.

ते चित्र शेतीवरून आलेले आहे. गर्भ म्हणजे बी, गर्भाशय म्हणजे जमीन. बी पेरले, जमीन सुपीक असेल तर उगवले. मग उगवले नाही की दोष जमिनीवर येतो. पण गर्भाशयाचे अस्तर मुळी जमिनीसारखे वागत नाही. 1960 च्या दशकात उंदरांवर झालेल्या प्रयोगांत गर्भ मूत्रपिंडाच्या आवरणाखाली ठेवून पाहिले. तिथे ते कोणत्याही दिवशी रुजले, नर उंदरांतसुद्धा. मोजके दिवस सोडले तर त्यांना ठाम नकार देणारी जागा होती गर्भाशय! रुजण्याची धडपड गर्भात उपजतच असते. तिला कधी वाट द्यायची आणि किती, हे अस्तर ठरवते. माझ्या मते गर्भारपणाच्या साऱ्या विज्ञानातली ही सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत कमी सांगितली जाणारी गोष्ट आहे.

अस्तराचा होकार महिन्यातून फार थोडा वेळ टिकतो. स्त्रीबीज सुटेपर्यंत इस्ट्रोजेन या संप्रेरकामुळे ते जाड होते. त्यानंतर प्रोजेस्टेरॉन हे दुसरे संप्रेरक त्याचा पोत बदलते. बीज सुटल्यावर साधारण सहाव्या ते दहाव्या दिवसापर्यंत ते गर्भाला टेकू देते. अठ्ठावीस दिवसांची पाळी धरली तर हा काळ विसाव्या ते चोविसाव्या दिवसाचा. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालेली आणि आज सरकारी दवाखान्यांत 'छाया' नावाने मिळणारी गर्भनिरोधक गोळी मुख्यतः याच वेळापत्रकात गडबड करते. ती अस्तर आणि गर्भ यांचा मेळ बसू देत नाही.

वेळ चुकली तर काय होते, याची आकडेवारी अमेरिकेत ॲलन विलकॉक्स आणि सहकाऱ्यांनी 1999 साली प्रसिद्ध केली. मूल हवे असलेल्या स्त्रियांचे लघवीचे नमुने त्यांनी रोजच्या रोज तपासले होते. टिकलेल्या गर्भधारणांपैकी 84 टक्के गर्भ बीज सुटल्यानंतर आठव्या, नवव्या किंवा दहाव्या दिवशी रुजले होते. नवव्या दिवसापर्यंत रुजलेल्यांपैकी 13 टक्के लवकरच गळून गेले, अकराव्या दिवशी रुजलेल्यांपैकी 52 टक्के आणि त्याहून उशिरा रुजलेल्यांपैकी 82 टक्के. याच गटाच्या आधीच्या अभ्यासात रुजलेल्या गर्भांपैकी सुमारे 22 टक्के गर्भ कुणाला कळण्याआधीच संपले होते. त्या स्त्रियांच्या लेखी ती फक्त पाळी होती.

प्रत्यक्ष टेकण्याची क्रिया विलक्षण आहे. रक्तातल्या पांढऱ्या पेशींना जखमेपाशी थांबायचे असते, तेव्हा त्या रक्तवाहिनीच्या भिंतीवर घरंगळत वेग कमी करतात. त्यासाठी त्यांच्यावर एल-सिलेक्टिन नावाचे प्रथिन असते, ते भिंतीवरच्या शर्करांना हलकेच धरते. 2003 मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी दाखवले की गर्भाच्या बाहेरच्या पेशींवरही हेच प्रथिन असते आणि अस्तर योग्य त्या दिवसांत त्याला हव्या त्या शर्करा पृष्ठभागावर आणते.

पकड घट्ट झाली की बाहेरच्या थरातल्या पेशी आपापल्या सीमा पुसून एकमेकींत विरघळतात. असंख्य केंद्रके असलेला एकच अखंड थर तयार होतो आणि तो अस्तरात घुसू लागतो. पेशी अशा जोडणाऱ्या प्रथिनाला सिन्सिटिन म्हणतात. त्याचा जनुक मुळात आपला नाही. कोट्यवधी वर्षांपूर्वी आपल्या पूर्वजांना एका विषाणूची लागण झाली, त्याचा जनुक वंशात कायमचा राहिला. विषाणू ज्या प्रथिनाने पेशीत शिरत असे, त्याच प्रथिनाने आज वारेचा थर जोडला जातो. हे 2000 साली कळले तेव्हा जीवशास्त्रज्ञही चकित झाले होते.

माणसाचा गर्भ अस्तरात पूर्ण गाडला जातो. बाराव्या दिवसाच्या सुमारास त्याच्यावरचे अस्तर पुन्हा मिटलेले असते. उंदराचा गर्भ इतका खोल जात नाही. बार्सिलोनाच्या संशोधकांनी ऑगस्ट 2025 मध्ये प्रयोगशाळेतल्या कोलॅजन या तंतुमय प्रथिनाच्या जाळीत मानवी गर्भ रुजतानाचे चित्रण प्रसिद्ध केले. त्यात गर्भ आजूबाजूचे तंतू स्वतःकडे खेचून घेताना आणि आत शिरताना दिसतो; उंदराचा गर्भ मात्र पृष्ठभागावरच पसरतो.

इतक्या घुसखोर गर्भापुढे अस्तरही तयारीत असते. त्याच्या पेशी फुगतात, साखर साठवतात, आणि तिथे खास प्रकारच्या रोगप्रतिकारक पेशी मोठ्या संख्येने गोळा होतात. त्या गर्भाला मारत नाहीत, तर अस्तरातल्या नागमोडी धमन्या रुंद व्हायला मदत करतात. बहुतेक सस्तन प्राण्यांत ही तयारी गर्भ टेकल्यावर सुरू होते. माणसात ती दर महिन्याला आपोआप होते, गर्भ असो वा नसो. म्हणून तर पाळी येते. तयार झालेल्या अस्तराला सदोष गर्भ ओळखता येतो आणि तो लवकर सोडून देता येतो, असे सुचवणारे पुरावे आता मिळत आहेत. मानवी गर्भांत गुणसूत्रांचे दोष खूप आढळतात, हे पाहता अशी पारख शरीराला परवडणारीच आहे.

रुजलेल्या गर्भातून एचसीजी हे संप्रेरक रक्तात येते आणि अंडाशयाला प्रोजेस्टेरॉन चालू ठेवायला लावते. घरी केलेल्या तपासणीतली दुसरी रेघ याचीच. बाळाला आईच्या रक्ताचा पूर्ण पुरवठा मात्र लगेच मिळत नाही. पहिले दहा-बारा आठवडे त्या धमन्यांची तोंडे गर्भाच्याच पेशींनी बुजवलेली असतात आणि पोषण मुख्यतः अस्तरातल्या ग्रंथींच्या स्रावातून होते.

अस्तराचा लगाम किती मोलाचा, हे तो नसतो तिथे कळते. गर्भ बीजनलिकेतच रुजला तर पातळ भिंत फोडून जिवावर बेतणारा रक्तस्राव करतो. आधीच्या सिझेरियनच्या व्रणावर नीट अस्तर नसते. वार तिथे बसली तर ती गर्भाशयाच्या स्नायूतच घुसू शकते. उलट बाजूने, आपल्याकडे जननेंद्रियांचा क्षयरोग अजूनही वंध्यत्वाचे एक खरे कारण आहे. तो नलिका बंद करतो, अस्तरावर व्रण पाडतो आणि पुष्कळदा कसलीही लक्षणे दाखवत नाही.

मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांतून 1986 साली टेस्ट ट्यूब बेबी जन्मली. त्यानंतर प्रयोगशाळेची बाजू कितीतरी सुधारली. पण गर्भ आत सोडल्यानंतरच्या पायरीवर आजही डॉक्टरांचा फारसा ताबा नाही. ट्रान्सफरनंतर बायका दिवस दिवस पलंगावर पडून राहतात, जिना टाळतात, रिक्षाच्या धक्क्याने धास्तावतात. अभ्यासांत अशा सक्तीच्या विश्रांतीचा फायदा दिसलेला नाही. कवचाबाहेर आलेला गर्भ अस्तराच्या दोन चिकटलेल्या भिंतींमध्ये असतो, उभे राहिल्याने तो खाली पडत नाही. निकाल नकारार्थी आला की घरात 'तू जिना चढलीस म्हणून' असे कुणी म्हणत असेल, तर ते निखालस खोटे आहे आणि तिथल्या तिथे थांबवायला हवे.

जपायचे ते वेगळ्याच गोष्टीला. पाळी चुकली आहे, तपासणीत दुसरी रेघ आली आहे, आणि ओटीपोटात एका बाजूला दुखते, रक्त जाते, चक्कर येते किंवा खांद्यात कळ येते, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. गर्भ नळीत रुजला असण्याची शक्यता असते, आणि वेळेत सोनोग्राफी झाली तर कधी कधी औषधावरही भागते.