देठ तुटला, पण दुखलं का?

तिन्हीसांजेनंतर झाडाला हात लावू नये, झाड झोपलेलं असतं, असं आमची आजी बजावायची. चिंचेची, शिरीषाची पानं रात्री खरोखरच मिटतात, त्यामुळे तिचं निम्मं तरी बरोबर होतं. उरलेलं निम्मं, म्हणजे फूल तोडलं की झाडाला दुखतं, हे जरा अवघड प्रकरण आहे.

लाजाळू पाहिलं की आजीचंच खरं वाटू लागतं. टोकाच्या पर्णिकेला बोट लावा. जोडीजोडीने पर्णिका मिटत जातात आणि धक्का जोराचा असेल तर अख्खं पान मान टाकतं. देठाच्या बुडाशी एक फुगीर गाठ असते. विजेचा संदेश तिथे पोचला की खालच्या बाजूच्या पेशींतून पोटॅशियम बाहेर पडतं, पाठोपाठ पाणी जातं आणि टम्म फुगलेल्या पेशी सैल पडतात. स्नायू नाहीत, मज्जातंतू नाहीत; सगळी करामत पाण्याच्या दाबाची. झाडांतल्या या विजेच्या संदेशांमागे जगदीशचंद्र बोस शंभरहून अधिक वर्षांपूर्वी लागले होते.

गंमत म्हणजे लाजाळूला भूलही चढते. ईथरच्या वाफेत ठेवलं तर हात लावूनही ते ढिम्म राहतं, हे एकोणिसाव्या शतकात फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्लॉड बर्नार यांनी दाखवलं. मग झाडाला शुद्धही असते की काय? इतकी उडी नको. भुलीची औषधं पेशीच्या आवरणातल्या विद्युत व्यवहारात खोडा घालतात आणि असे व्यवहार मेंदू नसलेल्या जिवांतही चालतात.

२०१८ मध्ये मासात्सुगु टोयोटा आणि सायमन गिलरॉय या वनस्पतिशास्त्रज्ञांनी मोहरीच्या कुळातल्या एका चिमुकल्या रोपावर अळी सोडली. कॅल्शियम वाढलं की उजळावं, अशी त्या रोपाच्या पेशींत सोय केलेली होती. अळीने पान कुरतडताच जखमेपासून उजेडाची लाट निघाली आणि एक-दोन मिनिटांत दूरच्या पानांत पोचली. त्या पानांनी बचावाची तयारी सुरू केली. ही लाट उठवणारं रसायन ग्लुटामेट, जे आपल्या मेंदूतही निरोप्याचं काम करतं. बातम्या रंगायला एवढं पुरे होतं.

माझं अपेंडिक्स काढलं तेव्हा पोटावर चीर पडली, रक्तवाहिन्या आकसल्या, रक्त गोठलं, पांढऱ्या पेशी गोळा झाल्या. जखमेची दखल शरीराने चोख घेतली, मला मात्र पत्ताही नव्हता. दुखलं ते भूल उतरल्यावर, मेंदू जागा झाल्यावर. झाडाकडे दखल घेणारी यंत्रणा भरपूर आहे. ज्याला दुखावं असं कोणी तिथे असल्याचा पुरावा अजून तरी नाही. बहुतेक वनस्पतिशास्त्रज्ञांचं मत हेच आहे आणि मला ते पटतं.

२०२३ मध्ये तेल अवीव विद्यापीठातल्या संशोधकांनी तहानलेल्या टोमॅटोचे 'टक टक' आवाज टिपले, तासाला तीस ते पन्नास. पाणी मिळालेलं झाड तासाला एखादाही आवाज काढत नव्हतं. लगेच 'झाडं किंचाळतात' असे मथळे झळकले. पाणी वाहणाऱ्या नळ्यांत हवेचे बुडबुडे होऊन फुटत असावेत, हे त्याचं बहुधा खरं कारण. आपल्या कानाला तो आवाज ऐकूच येत नाही, इतकी त्याची पट्टी वरची. पण हरितगृहात योग्य माइक लावला, तर ठिबक कधी सुरू करायचं हे टोमॅटोच सांगेल.