मुलांकडे युरोपात जाताना: शेंगेन व्हिसाचे बदललेले नियम, पात्रता आणि कागदपत्रं (बडोद्यातल्या आईवडिलांसाठी)

दांडिया बाजार, रावपुरा, वाडी या भागांतल्या कितीतरी मराठी घरांतली मुलं एमएस युनिव्हर्सिटीतून इंजिनिअरिंग करून जर्मनी, नेदरलँड्स, फ्रान्सला गेली आणि तिथेच नोकरीला लागली. आता आईवडिलांची जायची वेळ येते: कुणाचा पदवीदान समारंभ, कुणाकडे बाळंतपण, कुणाला नुसतंच मुलाचं घर डोळ्यांनी बघायचंय. अशा वेळी पहिला सल्ला मिळतो तो पाच-सात वर्षांपूर्वी जाऊन आलेल्या नातेवाइकांचा. त्यांचा हेतू चांगला असतो, पण २०२४ नंतर फी, दिवसांची मोजणी, दीर्घ मुदतीचा व्हिसा, नकारानंतरची दाद, सगळ्यांतच बदल झाले आहेत. म्हणून ही माहिती सलग लिहीत आहे. मुलांना भेटायला थोड्या दिवसांसाठी जाणारे आईवडील डोळ्यांसमोर आहेत. नोकरी, शिक्षण किंवा कायमच्या वास्तव्याचे व्हिसे वेगळे असतात, ते इथे घेतलेले नाहीत.

एक व्हिसा, २९ देश

युरोपियन युनियनचे सदस्य देश २७. शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांच्या गटात, मात्र २९ देश आहेत: युनियनमधले २५ आणि बाहेरचे चार, म्हणजे नॉर्वे, आइसलँड, स्वित्झर्लंड आणि लिख्टेनश्टाइन. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून आत आला. रोमानिया आणि बल्गेरिया ३१ मार्च २०२४ ला विमान आणि समुद्रमार्गे प्रवासापुरते, तर १ जानेवारी २०२५ पासून रस्ते आणि रेल्वेसह पूर्णपणे सामील झाले. आयर्लंड आणि सायप्रस युनियनमध्ये असूनही शेंगेनमध्ये नाहीत. मुलगा म्युनिकला आणि मुलगी डब्लिनला असेल, तर आयर्लंडचा व्हिसा वेगळा काढावा लागतो. ब्रिटनचाही वेगळाच.

अर्ज कोणत्या देशाकडे करायचा, हे जिथे जास्त दिवस राहणार त्यावरून ठरतं. दोन देशांत सारखेच दिवस असतील, तर ज्या देशात आधी उतरणार त्याच्याकडे. अमुक देशाची अपॉइंटमेंट लवकर मिळते म्हणून तिथे अर्ज टाकायचा आणि राहायचं मुलाकडे दुसऱ्याच देशात, असा सल्ला काही एजंट देतात. तो ऐकू नका. अर्जातला कार्यक्रम आणि प्रत्यक्ष प्रवास जुळला नाही, तर सीमेवर विचारणा होते आणि पुढच्या अर्जांवरही त्याची सावली राहते.

पात्रता आणि नव्वद दिवसांचं गणित

पासपोर्ट मागच्या दहा वर्षांत काढलेला असावा, युरोपातून परतण्याच्या तारखेनंतर किमान तीन महिने त्याची मुदत उरलेली असावी आणि त्यात दोन पानं कोरी असावीत. प्रवासाचं कारण, राहण्याची सोय, खर्चाची तरतूद आणि परत येण्याची खात्री या चार गोष्टी अर्जातून पटल्या पाहिजेत.

आता दिवसांचं. शेंगेन व्हिसावर कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. "तीन महिने" असा अंदाज धरू नका, दिवसच मोजा. उतरण्याचा आणि निघण्याचा, दोन्ही दिवस धरले जातात. समजा, सुनेच्या बाळंतपणासाठी आई १ मेला फ्रँकफर्टला उतरली. मेचे ३१, जूनचे ३० आणि जुलैचे २९ मिळून ९० होतात, म्हणजे २९ जुलैला तिने शेंगेनबाहेर पडायलाच हवं. ३१ जुलैचं तिकीट काढलं तर दोन दिवस बेकायदा. पूर्ण नव्वद दिवस राहून आल्यावर तिला पुन्हा जायचं असेल, तर २८ ऑक्टोबरच्या आधी जाता येणार नाही. हे ९० दिवस सगळ्या २९ देशांचे मिळून असतात. मधे चार दिवस स्वित्झर्लंड बघून आलात तर तेही यातच.

शिवाय पासपोर्टात चिकटवलेल्या व्हिसाच्या स्टिकरवर ९० च्या जागी ३० किंवा ४५ दिवस लिहिलेले असू शकतात. तेवढेच दिवस मिळाले असं समजायचं. स्टिकर हातात आला की तिथेच तीन गोष्टी वाचा: कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, किती वेळा प्रवेश आणि एकूण किती दिवस.

याआधी एखाददुसरा दिवस चुकला तर तो शिक्के तपासणाऱ्या अधिकाऱ्याच्या नजरेतून सुटायचा. १२ ऑक्टोबर २०२५ पासून एंट्री-एक्झिट सिस्टिम सुरू झाली आणि १० एप्रिल २०२६ पर्यंत ती सगळ्या सीमांवर पूर्णपणे लागू करायची असं वेळापत्रक ठरलं. पासपोर्टावरच्या शिक्क्याऐवजी प्रवेश आणि निर्गमनाची संगणकावर नोंद होते, चेहऱ्याचा फोटो घेतला जातो आणि दिवस यंत्रच मोजतं. व्हिसा काढताना बोटांचे ठसे दिलेले असतात, त्यामुळे आपल्या लोकांच्या बाबतीत सीमेवर त्या ठशांशी पडताळणी होते. ही नोंद तीन वर्षं राहते. बाहेर पडल्याची नोंदच नसेल तर पाच वर्षं. यासाठी आधी कुठे अर्ज करायचा नसतो, फीही नसते. मुलाकडे तिथलं रहिवास कार्ड असेल, तर त्याला ही व्यवस्था लागू नाही. त्यामुळे विमानतळावर तो एका रांगेत आणि तुम्ही दुसऱ्या, असं होऊ शकतं. गडबडून जाऊ नका. बोर्डिंग पास मात्र जपून ठेवा, नोंदीत काही घोळ निघाला तर तोच पुरावा.

मुक्काम वाढवून मिळतो का, हा हमखास विचारला जाणारा प्रश्न. गंभीर आजारपण, विमानसेवा बंद पडणं अशा अटळ कारणांसाठी तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयाकडून, व्हिसाची मुदत संपायच्या आधी अर्ज करून, मिळू शकतो. "बाळ अजून लहान आहे" या कारणावर विसंबून राहू नका.

अर्ज कधी, कुठे, किती पैसे

प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि किमान १५ दिवस आधी तो जमा झालेला असावा लागतो. निर्णयाची नेहमीची मुदत १५ दिवसांची. जास्त तपासणी लागली तर ४५ दिवसांपर्यंत. उन्हाळ्यात जायचं असेल, तर जानेवारी-फेब्रुवारीतच अपॉइंटमेंटच्या मागे लागावं, असं माझं स्पष्ट मत आहे. मेच्या प्रवासासाठी एप्रिलमध्ये धावपळ करणाऱ्यांना फार मनस्ताप होतो.

बडोद्यातले बहुतेक जण अहमदाबादच्या व्हिसा केंद्रात जातात. तुमच्या देशाचे अर्ज तिथे घेतात का, हे आधी बघून घ्या. केंद्र फक्त अर्ज गोळा करतं, ठसे घेतं आणि पासपोर्ट परत देतं. निर्णय वकिलातीचाच असतो, त्यामुळे "आमची आत ओळख आहे" म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. पहिल्या वेळी स्वतः जावं लागतं. ठसे ५९ महिने पुन्हा वापरता येतात. वयस्कर मंडळींच्या बोटांच्या रेषा पुसट झालेल्या असतात, आधारच्या वेळी हा त्रास अनेकांनी भोगला आहे. काही दिवस आधीपासून हातांना तेल किंवा मलम लावत राहा आणि केंद्रात अडचण आलीच तर शांतपणे सांगा. ठसे देणं शारीरिकदृष्ट्या शक्यच नसेल तर नियमात सूट आहे.

११ जून २०२४ पासून फी ९० युरो आहे, आधी ८० होती. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ४५ युरो, सहा वर्षांखालच्यांना फी नाही. केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. व्हिसा नाकारला तरी फी परत मिळत नाही.

कागदपत्रं

भरून सही केलेला अर्ज, पासपोर्ट, ३५ बाय ४५ मिलिमीटरचे अलीकडचे फोटो आणि जाण्या-येण्याचं विमानाचं आरक्षण लागतं. आरक्षण पुरतं, व्हिसा हातात येईपर्यंत परतावा न मिळणारं तिकीट काढू नका. प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा, सगळ्या शेंगेन देशांत चालणारा आणि मुक्कामाचे सगळे दिवस धरणारा हवा. स्वस्तातली पॉलिसी अर्जापुरती चालते, पण रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार आधीपासून असेल तर त्याबद्दल पॉलिसीत काय लिहिलंय ते वाचूनच घ्या. तिकडचा हॉस्पिटलचा खर्च मुलाच्या डोक्यावर येतो.

मुलाकडून निमंत्रणपत्र, त्याच्या पासपोर्टची आणि रहिवास परवान्याची प्रत, घराचा करार आणि पगाराच्या स्लिपा मागवा. खर्च तो करणार असेल तर जर्मनीत "फेरफ्लिश्टुंग्स-एअरक्लेरुंग" नावाचं औपचारिक हमीपत्र लागतं. ते तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयात मुलाने स्वतः जाऊन काढायचं, फी २९ युरो, आणि मूळ प्रत तुमच्या हातात हवी. त्या कार्यालयाची वेळ मिळायलाच काही शहरांत आठवडे जातात, म्हणून ही गोष्ट सर्वांत आधी मुलाच्या मागे लावा. फ्रान्समध्ये नगरपालिकेकडून मिळणारं निवासाचं प्रमाणपत्र, नेदरलँड्समध्ये हमी आणि निवासाचा ठरलेला फॉर्म असतो.

इकडची बाजू म्हणजे बँकेची स्टेटमेंट, प्राप्तिकर विवरणपत्रं आणि निवृत्त असाल तर पेन्शनचा आदेश. रिफायनरी, जीएसएफसी, रेल्वे किंवा युनिव्हर्सिटीतून निवृत्त झालेल्यांनी दरमहा जमा होणारं पेन्शन स्टेटमेंटवर खूण करून दाखवावं. नोकरीत असणाऱ्यांनी रजा मंजुरीचं आणि ना-हरकतीचं पत्र, दुकानदारांनी नोंदणीचे कागद. अर्जाच्या आठवडाभर आधी कुणाकडून तरी तीन-चार लाख आणून खात्यात टाकू नका. अधिकारी शिल्लक रकमेइतकंच खात्यातल्या हालचालीकडेही बघतात. परत येण्याची खात्री पटवायला घराचे कागद, वेराबिल (मालमत्ता कराचं बिल), इथे राहणारं दुसरं अपत्य, कुणाची शुश्रूषा करत असाल तर तेही, हे सगळं एका पानाच्या साध्या पत्रात लिहा.

नावांचा घोळ: इथेच सर्वांत जास्त वेळ द्या

आपल्या बडोद्याच्या मराठी घरांत ही अडचण दुहेरी आहे. एक, लग्नात मुलीचं नाव बदलायची जुनी पद्धत. शाळेच्या दाखल्यावर शालिनी जोशी, पासपोर्टवर मनीषा देशपांडे, आणि मुलाच्या जन्मदाखल्यावर आईचं नाव तिसऱ्याच प्रकारे लिहिलेलं. दुसरी, गुजरातमधल्या नोंदींत नावापुढे लागणारं "भाई" आणि "बेन". पासपोर्टवर प्रकाश, वेराबिलावर प्रकाशभाई. कुठे आडनाव आधी, कुठे शेवटी. आपल्याला हे सगळं सवयीचं असतं, पण हजारो मैलांवरच्या पद्धतीने विचार करणाऱ्या अधिकाऱ्याला ही दोन माणसं वाटू शकतात, आणि मग नातं सिद्ध होत नाही.

म्हणून पासपोर्ट हा पाया धरा. मुलाच्या पासपोर्टच्या शेवटच्या पानावर बहुधा आईवडिलांची नावं छापलेली असतात. ती तुमच्या पासपोर्टशी अक्षरशः जुळतात का, ते आजच बघा. जुळत असतील तर नात्याचा मोठा पुरावा तिथेच झाला. जन्मदाखल्यात चूक असेल आणि हाताशी वेळ असेल, तर महानगरपालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणी विभागातून दुरुस्ती करून घेणं उत्तम. वेळ नसेल तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं नोटरीकडचं प्रतिज्ञापत्र विवाह प्रमाणपत्रासोबत जोडा. गुजरातीतल्या किंवा मराठीतल्या प्रत्येक कागदासोबत प्रमाणित इंग्रजी भाषांतर लावा.

दुसऱ्या-तिसऱ्या वेळी जाणाऱ्यांसाठी

हा बदल भारतीयांच्या फार उपयोगाचा आहे आणि अजून अनेकांना ठाऊक नाही. १८ एप्रिल २०२४ ला युरोपियन कमिशनने भारतात राहणाऱ्या भारतीयांसाठी नवा नियम केला: मागच्या तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसे घेऊन ते नियमाप्रमाणे वापरले असतील, तर दोन वर्षांचा अनेक प्रवेशांचा व्हिसा मिळू शकतो, आणि त्यानंतर साधारणपणे पाच वर्षांचा. पासपोर्टची मुदत मात्र तेवढी उरलेली हवी. दीडच वर्षं बाकी असेल तर आधी पासपोर्ट नवा करा. व्हिसा असलेला जुना पासपोर्टही सांभाळा, जुने व्हिसे हेच पात्रतेचे पुरावे. पाच वर्षांचा व्हिसा मिळाला तरी १८० दिवसांत ९० हा नियम तसाच राहतो.

नकार आला तर

नकारासोबत छापील फॉर्म येतो आणि त्यात कारणावर खूण असते. बहुधा प्रवासाचा हेतू पटला नाही किंवा परत जाण्याबद्दल शंका आहे, असं असतं. दाद मागण्याचा हक्क आहे, पण प्रत्येक देशाची पद्धत वेगळी. जर्मनीच्या बाबतीत नातेवाइकांचा जुना सल्ला इथे हमखास चुकतो: वकिलातीकडे फेरविचाराचं पत्र पाठवण्याची सोय १ जुलै २०२५ पासून जगभर बंद झाली आहे. आता बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात दावा किंवा नव्याने अर्ज, हे दोनच मार्ग. भेटीच्या व्हिसासाठी नवा अर्जच बरा. ज्या कारणावर खूण आहे त्याचं उत्तर देणारा एक तरी नवा कागद त्यात हवा.

एटियास आणि डिजिटल व्हिसा

एटियास नावाची ऑनलाइन परवानगी २०२६ च्या शेवटच्या तिमाहीत सुरू होणार असल्याचं जाहीर झालं आहे, फी २० युरो. ती व्हिसा न लागणाऱ्या देशांच्या नागरिकांसाठी आहे. भारतीय पासपोर्टवर व्हिसाच लागतो, त्यामुळे तुम्हाला एटियास काढून देतो म्हणून पैसे मागणारी वेबसाइट फसवणूक करते आहे. अमेरिकेचा किंवा ब्रिटनचा पासपोर्ट असलेला भाऊ तुमच्यासोबत येणार असेल, तर त्याला मात्र ती लागेल.

स्टिकर जाऊन डिजिटल व्हिसा आणण्याचा कायदा युरोपियन युनियनने नोव्हेंबर २०२३ मध्ये मंजूर केला. सगळ्या देशांसाठी एकच ऑनलाइन अर्ज आणि पासपोर्टावर चिकटवण्याऐवजी बारकोड, अशी ती रचना आहे आणि २०२८ पासून ती सुरू करण्याचं नियोजन आहे. तोवर अहमदाबादची फेरी आणि कागदांची फाइल दोन्ही लागणारच. फाइलमधल्या प्रत्येक कागदाची एक प्रत घरी ठेवा आणि दुसरी मुलाला पाठवा, कारण सीमेवरचा अधिकारी हेच कागद पुन्हा मागू शकतो.