शाळा अनुदानाचा फॉर्म कुठे मिळतो? कुठेच नाही

सप्टेंबर आला की शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत हमखास कोणीतरी विचारतं, "गुरुजी, अनुदानाचा फॉर्म कधी भरायचा?" समग्र शिक्षा या केंद्र-राज्य योजनेतून शाळेला खर्चासाठी दरवर्षी मिळणाऱ्या संयुक्त शाळा अनुदानाला वेगळा अर्जच नसतो. यू-डायस प्लस या शाळांच्या माहितीच्या सरकारी पोर्टलवरची ३० सप्टेंबरची पटसंख्या, हाच अर्ज.

जिल्हा परिषद, नगर परिषदेच्या शाळा पात्र. खासगी विनाअनुदानित नाहीत. पट ३० पर्यंत असेल तर वर्षाला १०,००० रुपये, १०० पर्यंत २५,०००, २५० पर्यंत ५०,०००, हजारापर्यंत ७५,०००, त्यापुढे एक लाख. पोडावरच्या, टोल्यावरच्या, म्हणजे छोट्या वाड्यावस्त्यांवरच्या शाळांचा संबंध पहिल्या दोन टप्प्यांशीच.

आता हिशेब बघा. ३० मुलं असली तर डोक्यामागे ३३३ रुपये, ३१ झाली की ८०६, अन् १०० मुलांच्या शाळेत जेमतेम २५०. एका पोराने पंधरा हजारांचा फरक! तरी सरसकट दर मुलामागे २५० दिले तर बारा पोरांच्या शाळेला तीन हजारच येतील, आणि छत गळायला लागलं की ते पट विचारत नाही. टप्पे ओबडधोबड आहेत, पण लहान शाळेला तगवतात.

म्हणून पट तपासा. आमच्या तालुक्यातल्या एका शाळेत हजेरीपटावर ३२, पोर्टलवर २९. वीटभट्टीवरून परतलेली तीन भावंडं. जुन्या शाळेने त्यांना ड्रॉपबॉक्समध्ये, म्हणजे शाळा सोडून गेलेल्या मुलांच्या पोर्टलवरच्या यादीत, टाकलंच नव्हतं. पोरं इथे खिचडी खात होती, कागदावर मात्र दुसऱ्या जिल्ह्यात. असं दिसलं तर मुख्याध्यापकांमार्फत केंद्रप्रमुखांना लगेच लेखी कळवा, गटसाधन केंद्रात जाऊन या.

कागदपत्रं नेहमीचीच: समितीचा ठराव, शाळा विकास आराखडा, बँक खात्याचा तपशील, खर्चानंतर पक्की बिलं, रोकडवही, साठा नोंदवही आणि विनियोग प्रमाणपत्र, म्हणजे पैसे ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला. ठरावावर सह्या बैठकीतच घ्या, नंतर वही घरोघर फिरवू नका. समितीत पाऊणहिस्सा पालक असतात, तेव्हा खर्च वाचून दाखवा म्हणायचा हक्क तुमचाच.

किमान दहा टक्के रक्कम स्वच्छतेवर, म्हणजे २५,००० मधले २,५०० संडास, पाणी, फिनाईल यांवर. उरलेल्यातून वीजबिल, खडू, डागडुजी. ३१ मार्चला आर्थिक वर्ष संपतं, तेव्हा पंखे फेब्रुवारीतच बसवून घ्या.