आयबीआरएस आणि आयबीपीबी: एक टिकून राहतो, दुसरा घडून जातो

लिनक्स सर्व्हरवर ‘एलएससीपीयू’ ही प्रोसेसरची माहिती देणारी आज्ञा चालवली की स्पेक्टर व्ही२ या प्रोसेसरमधल्या त्रुटीच्या ओळीत आयबीआरएस आणि आयबीपीबी ही तिच्यावरच्या दोन संरक्षणांची नावं बहुतेक वेळा शेजारी शेजारी दिसतात. फोंड्याकडे अभियांत्रिकी शिकणारी मुलं केव्हीएम या लिनक्सच्या हायपरव्हायजरवर (एका यंत्रावर अनेक आभासी यंत्रं चालवणाऱ्या प्रोग्रामवर) प्रकल्प करायला घेतात तेव्हा दोन्ही एकच समजून चालतात, आणि त्यात त्यांचा दोष नाही. इंटेलच्या प्रोसेसरात हे दोन्ही असल्याचं सीपीयूआयडीचा, म्हणजे प्रोसेसरला त्याच्या क्षमता विचारणाऱ्या सूचनेचा, एकच बिट सांगतो. क्यूईएमयूमध्ये (आभासी यंत्राचं हार्डवेअर उभं करणाऱ्या प्रोग्राममध्ये) त्याचं नाव ‘स्पेक-सीटीआरएल’. एएमडीने मात्र दोघांना वेगवेगळे बिट दिले. मला एएमडीची मांडणी अधिक पटते, कारण हायपरव्हायजरला या दोघांशी अगदी निराळं वागावं लागतं.

मूळ दुखणं एकच आहे. उडी कुठे पडणार याचा अंदाज प्रोसेसर आधीच बांधतो आणि त्या दिशेने काम सुरूही करतो. एका प्रोग्रामने त्या अंदाजाला लावलेलं वळण दुसऱ्याच्या कामात उतरू शकतं आणि त्यातून गुपितं फुटू शकतात, हे जानेवारी २०१८ मध्ये जगजाहीर झालं.

रायबंदरहून चोडणला जाणाऱ्या फेरीबोटीचं उदाहरण घ्या. चालकाच्या केबिनमध्ये प्रवाशांनी ढवळाढवळ करायची नाही, हा नियम बोट चालू असेपर्यंत लागू असतो. आयबीआरएस तसा: कमी अधिकाराच्या कोडने शिकवलेले अंदाज जास्त अधिकाराच्या कोडवर चालू देत नाही. म्हणजे अ‍ॅप्लिकेशनचे कर्नलवर (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यावर) नाहीत आणि गेस्टचे (आभासी यंत्राचे) होस्टवर (ते चालवणाऱ्या मूळ यंत्रावर) नाहीत. धक्क्याला लागल्यावर डेक रिकामा करणं हे मात्र त्या त्या वेळी उरकायचं काम. आयबीपीबी तो: या क्षणापूर्वी शिकलेले अंदाज इथून पुढे कुणावर चालू नयेत. प्रवाशाचा प्रवाशाला त्रास होऊ नये याची हमी केबिनचा नियम देत नाही. तसंच एका गेस्टपासून दुसऱ्या गेस्टला वाचवणं आयबीआरएसच्या आवाक्यात नाही. तिथे आयबीपीबीच हवा.

आता हायपरव्हायजरकडे. आयबीआरएस हा हेक्स ४८ क्रमांकाच्या स्पेक-कंट्रोल रजिस्टरमधला (प्रोसेसरच्या आतल्या छोट्या नोंदजागेतला) पहिला बिट. लिहिलं की राहतं, वाचताही येतं. आयबीपीबी शेजारच्या हेक्स ४९ मध्ये, पण तिथे फक्त लिहिता येतं. वाचायला गेलात तर प्रोसेसर थेट फॉल्ट देतो. कारण वाचण्यासारखं मागे काही उरतच नाही.

गेस्टने रजिस्टरला हात लावला की दर वेळी व्हीएम एक्झिट घ्यायची, म्हणजे गेस्ट थांबवून ताबा हायपरव्हायजरकडे आणायचा, हा सर्वांत सोपा मार्ग. पण एका एक्झिटला प्रोसेसरच्या घड्याळाचे हजाराहून जास्त ठोके, म्हणजे सायकल, जाऊ शकतात. जुन्या पद्धतीचा आयबीआरएस वापरणारा गेस्ट कर्नलमध्ये शिरताना १ लिहितो, बाहेर पडताना ०. म्हणजे एका सिस्टिम कॉलमागे दोन एक्झिट. एखाद्या कचेरीचं हिशेबाचं सॉफ्टवेअर अशा गेस्टमध्ये असेल, तर मार्चअखेरीला ते रखडलंच म्हणून समजा.

केव्हीएमने यावर काढलेली वाट मला फार आवडते. सुरुवातीला स्पेक-कंट्रोलवर पहारा असतो, म्हणजे गेस्टने हात लावला की एक्झिट होते. गेस्टने त्यात शून्याव्यतिरिक्त काही पहिल्यांदा लिहिलं की एमएसआर बिटमॅपमध्ये (कोणत्या रजिस्टरवर पहारा आहे याच्या यादीत) त्या व्हीसीपीयूपुरता, म्हणजे गेस्टच्या त्या आभासी प्रोसेसरपुरता, तो पहारा उठतो आणि गेस्ट थेट लिहू लागतो. मात्र खर्च नाहीसा होत नाही, नुसती जागा बदलतो. गेस्टने काय ठेवलंय हे आता होस्टला कळत नाही, म्हणून प्रत्येक एक्झिटला ते वाचून जपायचं, होस्टचं मूल्य वेगळं असेल तर ते भरायचं, आणि परत पाठवताना गेस्टचं पुन्हा बसवायचं. जो गेस्ट हे रजिस्टर वापरतच नाही त्याला यातलं काहीच भरावं लागत नाही. सगळी हुशारी इथे आहे.

एक बारकावा मुलांच्या नजरेतून निसटतो. जुन्या प्रोसेसरवर होस्टला आयबीआरएस हवा असेल, तर बिट आधीच १ असला तरी एक्झिटनंतर पुन्हा १ लिहावा लागतो. तिथे संरक्षण त्या लिहिण्यातून मिळतं. ‘मूल्य तेच आहे, लिहिणं वाचवू’ असा शहाणपणा केला तर भोक पडतं. नव्या प्रोसेसरांतल्या सुधारित आयबीआरएसवर बूट होताना एकदा लावला की पुरतं. एएमडीच्या झेन ३ पासूनच्या प्रोसेसरात तर गेस्टचं मूल्य सांभाळण्याचं काम हार्डवेअरच करतं.

आयबीपीबीच्या बाबतीत यातलं काहीच नाही. बिटमॅपमध्ये वाचण्याचा आणि लिहिण्याचा पहारा वेगळा असतो. त्यातला लिहिण्याचा उठवला की काम झालं. जपायचं नाही, परत भरायचं नाही. लाइव्ह मायग्रेशनमध्ये (चालू गेस्ट हलवताना) स्पेक-कंट्रोलचं मूल्य गेस्टबरोबर दुसऱ्या यंत्रावर न्यावं लागतं, आयबीपीबीचं न्यायला काही नसतंच.

त्याचा खर्च वेगळ्या ठिकाणी येतो. एकाच कोअरवर एक व्हीसीपीयू उतरून दुसरा चढला की केव्हीएम स्वतः आयबीपीबी देतं, आणि त्यात हजारो सायकल जाऊ शकतात. शिवाय नंतर काही काळ अंदाज नव्याने शिकावे लागतात. तोच व्हीसीपीयू परत आला तर गरज नसते. म्हणून पणजीतल्या एखाद्या लहान कार्यालयाच्या एकाच सर्व्हरवर चार-पाच गेस्ट असतील आणि कोअर पुरेसे असतील, तर महत्त्वाच्या गेस्टचे व्हीसीपीयू ठरावीक कोअरला बांधून टाका आणि त्या कोअरवर दुसऱ्या कुणाला येऊ देऊ नका. मग आयबीपीबीची गरजच पडत नाही, आणि संरक्षणही बंद करावं लागत नाही. वेग हवा म्हणून कर्नलच्या ओळीत ‘मिटिगेशन्स=ऑफ’ (अशी सगळी संरक्षणं बंद) लिहिण्याआधी एवढं नक्की करून पाहा. अनोळखी माणसांचे गेस्ट चालवत असाल तर तो पर्याय तुमच्यासाठी नाहीच.

क्यूईएमयूमध्ये सीपीयूचं मॉडेल हाताने निवडत असाल, तर इंटेलवर ‘स्पेक-सीटीआरएल’ आणि एएमडीवर ‘आयबीपीबी’ गेस्टपर्यंत पोचलाय का, हे गेस्टमध्येच एलएससीपीयू चालवून पाहा. होस्टवर सगळं नीट दिसतं आणि गेस्टला मात्र आयबीपीबी मिळालेलाच नसतो, असं जुनी मॉडेलं निवडल्यावर सहज घडतं. मग गेस्टमधल्या दोन अ‍ॅप्लिकेशनना एकमेकांपासून वाचवायला त्याच्या कर्नलकडे आयबीपीबी उरत नाही.