उकळायचं राहून गेलेलं पाणी

परवा घरच्या ग्रुपवर आइसलँडच्या स्ट्रोक्कुर या गरम पाण्याच्या कारंज्याचा व्हिडिओ आला. कुंडातलं पाणी निळ्या घुमटासारखं फुगतं, क्षणभर थरथरतं आणि फुटून पंधरा-वीस मीटर उंच पांढरा खांब होतो. खाली मामांनी लिहिलं होतं, "आपल्या गणेशपुरीसारखंच. खाली गंधक जळतंय."

गंधक बिचारं उगाच बदनाम आहे. तेवढ्या खोलीवर जळायला त्याला हवा कुठून मिळणार? सडक्या अंड्यासारखा वास हायड्रोजन सल्फाइडचा. गरम पाणी खडकांतून येताना तो सोबत घेऊन येतं. गणेशपुरीसारख्या कोकणातल्या झऱ्यांचं पाणी भेगांतून खूप खोल उतरतं, तिथल्या नेहमीच्या उष्णतेने तापतं आणि वर येतं. आइसलँडची गोष्ट निराळी. तिथे दोन भूपट्ट वर्षाला साधारण 2 सेंटिमीटर एकमेकांपासून दूर सरकताहेत आणि धगधगता खडक फार खोल नाही.

पण नुसत्या गरम पाण्याचं कारंजं होत नाही. आइसलँडमध्ये गरम झरे उदंड, नेमाने उडणारी कारंजी मात्र मोजकीच. त्यासाठी एक उभी, अरुंद, पाण्याने भरलेली नळी लागते.

कुकर आठवा. दाब वाढला की उत्कलनबिंदू वाढतो, म्हणून शिट्टीच्या वेळी आतलं पाणी 120 अंशांच्या आसपास असतं. नळीत दहा मीटर खाली गेलात की वरच्या पाण्याच्या वजनाने दाब दुप्पट होतो. म्हणजे तिथेही उकळायला 120 अंशच हवेत. तिथलं 115 अंशांचं पाणी गप्प बसून असतं. इथे झाकण पाण्याचंच!

1846 मध्ये रॉबर्ट बुन्सेन (हो, प्रयोगशाळेतल्या बर्नरवाले) हाउकादालुर खोऱ्यातल्या गेसिरपाशी पोचले. आपल्या न्हाणीघरातल्या गीझरला नाव मिळालं ते याच कारंज्यावरून. त्यांनी नळीत तापमापक सोडून वेगवेगळ्या खोलीवरचं तापमान घेतलं. पाणी कुठेच आपल्या खोलीच्या उत्कलनबिंदूला पोचलेलं नव्हतं, पण मधल्या भागात अगदी थोडक्यात राहिलं होतं. आता हेच पाणी कशाने तरी एक-दोन मीटर वर ढकललं गेलं तर? दाब कमी, उत्कलनबिंदू कमी, आणि ते जागच्या जागी उकळतं. वाफ वरचं पाणी कुंडाबाहेर लोटते, खालच्या थरावरचा भार उतरतो, तोही उकळतो. उद्रेक असा वरून खाली उतरत जातो.

थोडा हिशेब करू. एक किलो पाणी 120 वरून 100 अंशांवर आलं की 20,000 कॅलरी मोकळ्या होतात. एक ग्रॅम वाफेला साधारण 540 लागतात, म्हणजे वाफ झाली 37 ग्रॅम. ऐकायला चिमूटभर; पण एक ग्रॅम वाफ सुमारे 1.7 लिटर जागा व्यापते. एका लिटर पाण्यामागे साठेक लिटर वाफ! अरुंद नळीत तिला वर जाण्यावाचून गत्यंतर नाही.

पहिला धक्का कोण देतं? बुन्सेनच्या आधी जॉर्ज मॅकेन्झींनी बाजूच्या पोकळीत साठणाऱ्या वाफेची कल्पना मांडली होती. बुन्सेनच्या मांडणीपुढे ती मागे पडली. अलीकडे स्ट्रोक्कुरभोवती भूकंपमापक लावल्यावर नळीच्या बाजूला खाली तशीच पोकळी असल्याची चिन्हं दिसली. तिथून बुडबुडे सुटतात. दोघंही आपापल्या जागी बरोबर.

जाता जाता, निसर्गाची किमया म्हणून मिरवलं जाणारं आइसलँडचं ब्लू लगून हे गरम पाण्याचं तळं म्हणजे शेजारच्या स्वार्त्सेंगी वीजकेंद्रातून बाहेर पडलेलं पाणी आहे. पोहावं जरूर, पण 'शरीरातली विषं बाहेर पडतात' असं कुणी सांगितलं तर पाकीट सांभाळावं.

खुद्द गेसिर विसाव्या शतकात थंडावलं होतं. 1935 मध्ये कुंडाच्या सिलिकाच्या (वाळूतलं मुख्य खनिज) काठाला एक चर खणला. पाण्याची पातळी खाली गेली, नळीवरचा भार हलका झाला आणि म्हातारं कारंजं पुन्हा उडू लागलं. पुढे त्याच पाण्यातल्या सिलिकाने चर बुजत गेला, तसं तेही गप्प झालं. 1981 मध्ये चर पुन्हा मोकळा करावा लागला.