बोटीत बसलो म्हणजे पोलर बेअरपासून सेफ? नाही हो

एक समज बरीच वर्षं फिरतोय, की पोलर बेअर बर्फावरचा प्राणी, त्यामुळे छोट्या बोटीतून कितीही जवळ जाऊन फोटो काढा, पाण्यात तो काही करत नाही.

बर्फावर फिरतानाचेच फोटो जास्त दिसतात, त्यामुळे असं वाटणं साहजिक आहे. पण याचं पोट भरतं सीलवर आणि सील समुद्रात, म्हणजे पाणी त्याला घरचंच. पुढचे पंजे जवळपास 30 सेंमी रुंद, बोटांमध्ये थोडा पडदा, त्यांनीच तो पाणी मागे लोटतो आणि मागचे पाय सुकाणूसारखे वापरतो. ताशी 10 किमीपर्यंत पोहतो. 2008 मध्ये अलास्काच्या उत्तरेकडच्या ब्यूफोर्ट समुद्रात, माग काढायला गळ्यात जीपीएस कॉलर लावलेली एक मादी सलग 9 दिवस पोहली, 687 किमी!

चेक करायचंय? पोहणाऱ्या अस्वलाचा कुठलाही व्हिडिओ बघा, फक्त डोकं न् थोडी पाठ वर दिसते, लाटांमध्ये ते पटकन लक्षातही येत नाही, आणि तुम्ही इंजिन बंद करून कॅमेऱ्यात डोळा घालून बसलेले असता तेव्हा बोट प्रवाहाबरोबर सरकतच असते.

नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांचे नियमही वाचा. 2025 पासून किमान 300 मीटर लांब राहायचं, मार्च ते जूनमध्ये 500, आणि ते बोटीलाही लागू आहे. म्हणून लांबून फोटो काढता येईल अशी 600 एमएमची लेन्स न्या, पण जवळ जाऊ नका प्लीज, त्या अस्वलासाठीसुद्धा.