निवांत सर्व्हर सावकाश का चालतो?

भार हलका असताना सर्व्हरवरील अ‍ॅप्लिकेशन उलट उशिरा उत्तर देते, या कोड्याचे मूळ लॅपटॉपच्या बॅटरीत आहे. डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी एसीपीआय हे वीजव्यवस्थापनाचे मानक जाहीर केले आणि वीजबचतीचा कारभार बायोसकडून, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरकडून, ऑपरेटिंग सिस्टिमच्या हाती जाऊ लागला. पुढे जानेवारी २००० मध्ये आलेल्या इंटेलच्या स्पीडस्टेप या वेग कमी करण्याच्या सोयीमुळे ६५० मेगाहर्ट्‌झचा मोबाइल पेंटियम ३ बॅटरीवर ५०० मेगाहर्ट्‌झवर उतरत असे.

सर्व्हरला याची गरज भासली ती उष्णतेमुळे. ट्रान्झिस्टर लहान होत गेला की व्होल्टेजही त्या प्रमाणात उतरवता येते, हे रॉबर्ट डेनार्ड यांनी १९७४ मध्ये मांडलेले गणित २००५ च्या सुमारास कोलमडले. त्याआधीच, २००४ मध्ये, इंटेलने ४ गिगाहर्ट्‌झच्या पेंटियम ४ चा बेत सोडून दिला होता. मग एकाच प्रोसेसरमधील कोअर, म्हणजे स्वतंत्रपणे काम करणारे गणनेचे भाग, वाढले, आणि रिकाम्या कोअरना झोपवणे भाग पडले.

ही झोप, म्हणजे सी-स्टेट, जितकी गाढ तितकी जाग उशिरा येते. लिनक्सच्या ‘इंटेल आयडल’ ड्रायव्हरमधील तक्त्यात इंटेल प्रोसेसरच्या सँडी ब्रिज पिढीसाठी हलक्या सी१ मधून उठण्यास २ मायक्रोसेकंद धरले आहेत, तर गाढ सी६ मधून १०४. सी६ मध्ये कोअरची वीजच तोडली जाते आणि त्याचे कॅशे, म्हणजे जवळची जलद मेमरी, रिकामे झालेले असते. एकटे १०४ मायक्रोसेकंद किरकोळ वाटतात, परंतु एक विनंती वेब सर्व्हर, अ‍ॅप्लिकेशन आणि डेटाबेस अशी फिरताना प्रत्येक टप्प्यावर कोणालातरी उठवत गेली, तर तो उशीर साचत जातो. भार वाढला की कोअरना झोपायला सवडच मिळत नाही.

‘सी-स्टेट सरसकट बंद करा’ हा सल्ला मात्र मला अर्धवट वाटतो. २००८ च्या नेहालेम या प्रोसेसर पिढीपासून इंटेलचा टर्बो बूस्ट झोपलेल्या कोअरची वाचलेली वीज जागत्या कोअरकडे वळवून त्याचा वेग वाढवतो. सगळेच जागे ठेवले, तर एकाच थ्रेडवर, म्हणजे एका वेळी एकाच कोअरवर, चालणारे काम सर्वोच्च वेगाला मुकते. शिवाय २०१० मध्ये लिनक्समध्ये आलेला ‘इंटेल आयडल’ ड्रायव्हर बायोसने दिलेल्या एसीपीआय तक्त्यांना न विचारता प्रोसेसरशी थेट बोलत असे, त्यामुळे बायोसच्या मेनूत बंद केलेली सी-स्टेट प्रत्यक्षात सुरूच राहू शके, आणि कर्नेलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) बूट पॅरामीटरमध्ये मर्यादा वेगळी घालावी लागे.